क्षयाच्या जंतूला ‘आता थांब’ हे कोण सांगते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना फुप्फुसाचा क्षय झाला, गोळ्या सुरू केल्यावर तीन आठवड्यांत खोकला उतरला, दोन महिन्यांनी केलेल्या बेडक्याच्या तपासणीत जंतू दिसले नाहीत, तरीही डॉक्टर सहा महिन्यांचा कोर्स पुरा करायला सांगतात, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे काही जंतू ‘झोपून’ राहतात. ज्या जीवाला मेंदू नाही, मज्जातंतू नाही, जो एका पेशीपलीकडे काहीच नाही, त्याला केव्हा झोपायचे हे कळते कसे, आणि असा झोपलेला जंतू म्हणजेच ‘रेझिस्टंट’, म्हणजे औषधाला दाद न देणारा, जंतू का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु ते तसे का आहे, हे पहिल्या भागातून गेल्याशिवाय उमगत नाही. क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत सुमारे तीस वर्षे काम केल्यावर माझे असे मत झाले आहे की, या रोगाची चिवटाई जंतूच्या विषात नसून त्याच्या ओळखशक्तीत आहे.

‘ताण’ हा शब्द आम्ही जिवाणूंबाबत वापरतो तेव्हा त्यात भावनेचा भाग नसतो. ज्या परिस्थितीत जंतू सुखाने वाढतो, त्या परिस्थितीपासून त्याला दूर नेणारी कोणतीही गोष्ट, म्हणजे ऑक्सिजनची टंचाई, आम्लता, उपासमार, उष्णता, लोहाचा अभाव किंवा एखादे औषध, हा त्याच्यासाठी ताण होय. प्रयोगशाळेत आम्ही त्याचे सर्व लाड पुरवतो. अंड्यांपासून बनवलेले, मॅलाकाइट ग्रीनमुळे हिरवट दिसणारे लोवेन्स्टाइन-जेन्सन माध्यम, ३७ अंश तापमान आणि मुबलक हवा मिळूनही तो साधारण वीस तासांत एकदाच विभागतो. आपल्या आतड्यातील ई. कोलाय हा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्यामुळे कल्चरच्या बाटलीत क्षयाच्या जंतूच्या कोरड्या, खडबडीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या वसाहती डोळ्यांना दिसायला तीन-चार आठवडे लागतात आणि ‘वाढ नाही’ असा अहवाल देण्याआधी आम्ही आठ आठवडे थांबतो. मंदपणा हा त्याचा मूळ स्वभावच आहे. ताण आला की तो आणखी मंद होतो.

फुप्फुसात त्याला मिळणारे वातावरण या बाटलीच्या अगदी उलट असते. वायुकोशात पोहोचलेल्या जंतूला मॅक्रोफेज ही भक्षकपेशी गिळते आणि तो तिच्या आतील एका पटलवेष्टित पिशवीत अडकतो. नेहमीच्या क्रमाने ही पिशवी लायसोसोम या पाचकपिशवीशी जोडली गेली असती. क्षयाचा जंतू ते जोडकाम रोखून धरतो आणि त्यामुळे पिशवीतील सामू ६.२ ते ६.४ च्या आसपास, म्हणजे त्याला सोसवेल असा राहतो. मात्र काही आठवड्यांनी रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तेथे पोहोचून इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडतात, तेव्हा मॅक्रोफेज चेव येऊन कामाला लागते. सामू ५ पर्यंत किंवा त्याच्याही खाली घसरतो, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड यांचा मारा सुरू होतो, लोह हिरावले जाते आणि साखरेऐवजी यजमानाचे कोलेस्टेरॉल व मेदाम्ले खाऊन दिवस काढावे लागतात. पुढे अशा पेशींची एक गाठ बनते. तिच्या मध्यभागी मृत ऊतींचा गोळा साचतो, ज्याला पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके चीजची उपमा देतात. मला तो नेहमी नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा दिसत आला आहे. या चोथ्यात रक्तवाहिन्या नसतात. सशांच्या फुप्फुसातील अशा गाठींमध्ये सूक्ष्म संवेदक घालून ऑक्सिजन मोजला गेला, तेव्हा तो शून्याच्या जवळ आढळला.

आता मूळ प्रश्न असा की, ऑक्सिजन कमी झाला हे जंतूला कळते कसे? हे काम एका लोहाच्या अणूवर सोपवलेले आहे. जंतूच्या पेशीत डॉसएस आणि डॉसटी नावाची दोन प्रथिने असतात आणि दोहोंच्या पोटात हीम असते. हीम म्हणजे आपल्या हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजन वाहून नेणारा, मध्यभागी लोह असलेला तोच रेणू. पेशीत ऑक्सिजन भरपूर असताना ही दोन्ही प्रथिने शांत असतात. ऑक्सिजन घटला की हीमवरील जागा मोकळी होते, प्रथिनाचा आकार किंचित बदलतो आणि ते स्वतःच्याच अंगावरील हिस्टिडिन या अमिनो आम्लावर एक फॉस्फेट चढवून घेते. हा फॉस्फेट मग डॉसआर नावाच्या तिसऱ्या प्रथिनाच्या ५४ व्या क्रमांकावरील ॲस्पार्टिक आम्लाकडे सोपवला जातो. फॉस्फेट मिळालेले डॉसआरचे रेणू एकमेकांशी जुळतात, डीएनएवरील ठरावीक खुणांवर जाऊन बसतात आणि जवळजवळ ४८ जनुके एकदम जागी होतात. या साखळीत कोणी विचार करत नाही आणि निर्णयही घेत नाही. दाराची कडी सैल झाली की दार उघडते, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की कडी एका अणूच्या मापाची आहे.

एका प्रथिनाने परिस्थिती वाचायची आणि दुसऱ्याने जनुकांवर अंमल करायचा, या व्यवस्थेला आम्ही द्विघटकी यंत्रणा म्हणतो आणि ती जिवाणूंच्या जगात सर्वत्र आढळते. टायफॉइडच्या साल्मोनेलात फॉपी-फॉक्यू ही जोडी मॅग्नेशियमची टंचाई आणि आम्लता ओळखून असेच काम करते. क्षयाच्या जंतूचा जनुकसंच १९९८ मध्ये पूर्ण वाचला गेला, तेव्हा सुमारे ४४ लाख अक्षरे आणि जवळपास ४,००० जनुके असलेल्या त्या मजकुरात अशा केवळ ११ पूर्ण जोड्या निघाल्या. ई. कोलायमध्ये त्याच्या जवळजवळ तिप्पट असतात. ज्याला उघड्या जगात, गटारात, पाण्यात, पोटात असे नाना ठिकाणी फिरावे लागते, त्याला जास्त पहारेकरी लागतात. ज्याचे सारे आयुष्य माणसाच्या शरीरात जाते, त्याचे थोडक्यात भागते, असा मी त्याचा अर्थ लावतो.

डॉसआरच्या बाबतीत नावांचा थोडा गोंधळ आहे आणि वाचताना तो आपल्यालाही भेटेल. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जया त्यागी यांच्या गटाने रोगकारक आणि निरुपद्रवी वाणांची तुलना करताना ही जनुके शोधली व २००० साली ‘डेव्हआर-डेव्हएस’ या नावाने त्यांचे वर्णन केले. अमेरिकेतील गटांनी ऑक्सिजनच्या टंचाईच्या अंगाने काम करताना तीच जनुके ‘डॉस’ या नावाने पुढे नेली. दोन्ही नावे आजही चालतात आणि परीक्षेला बसणारी मुले दरवर्षी त्यांना दोन वेगळ्या गोष्टी समजतात.

या यंत्रणेतील मला सर्वात मार्मिक वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. हीमच्या त्याच लोहावर नायट्रिक ऑक्साइडही बसते, आणि ते बसले तरी प्रथिन जागेच होते. मॅक्रोफेज ज्या वायूने जंतूला मारू पाहते, तोच वायू जंतूच्या दृष्टीने ‘आता रोगप्रतिकारशक्ती आली आहे, आवरते घे’ असा निरोप ठरतो. कार्बन मोनॉक्साइडचेही तसेच. सूज आलेल्या ऊतीत आपले हीम मोडताना तो थोड्या प्रमाणात तयार होतो आणि जंतूचे तेच कुलूप उघडतो.

निरोप मिळाल्यावर तयारीला वेळ लागतो, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. अमेरिकी शास्त्रज्ञ लॉरेन्स वेन यांनी या अभ्यासासाठी एक साधी पद्धत रूढ केली होती. काचेच्या नळीत जंतूंचे द्रव माध्यम घालायचे, वर द्रवाच्या निम्मी हवा ठेवायची, झाकण हवाबंद करायचे आणि तळाशी छोटी चुंबकी कांडी अगदी हळू फिरत ठेवायची. जंतू वाढत जातात तसतसा तेच आतील ऑक्सिजन संपवतात. एका नळीत मेथिलीन ब्ल्यूचा थेंब घालून ठेवला की ऑक्सिजन संपत आल्याचे कळते: निळा रंग फिकट होत जातो आणि शेवटी द्रव बिनरंगी होते. मी एच३७आरए या रोग न करणाऱ्या वाणावर हा प्रयोग मांडला होता आणि दोन-तीन आठवडे थांबण्याचा धीर नसल्यामुळे काही नळ्या झाकण सैल ठेवून सरळ ऑक्सिजनविरहित बरणीत घातल्या, म्हणजे त्यांतील जंतूंचा ऑक्सिजन क्रमाक्रमाने नव्हे तर एका झटक्यात काढून घेतला. आठवड्याभराने दोन्ही प्रकारच्या नळ्यांतील जंतू माध्यमावर पेरले. हळूहळू बिनरंगी होत गेलेल्या नळ्यांतून भरघोस वसाहती आल्या. बरणीतल्या नळ्यांतून जेमतेम चार-दोन. वेन यांनी हे फार पूर्वी मोजून ठेवले होते. एकदम गुदमरवले तर हे जंतू दर दहा तासांना निम्मे होत मरतात; हळूहळू गुदमरवले तर महिनोन्‌महिने टिकतात. जंतू तोच, ऑक्सिजनचा अभावही तोच, फरक केवळ पूर्वसूचनेचा. संवेदक प्रथिनांचे खरे मोल या पूर्वसूचनेत आहे.

वेन यांना या प्रवासात दोन टप्पे दिसले. ऑक्सिजन संपृक्ततेच्या एक टक्क्याच्या आसपास आला की डीएनएची नक्कल थांबते, पण पेशी थोड्या जाड होतात आणि प्रथिने बनवणे चालू राहते, तो ०.०६ टक्क्यांवर आला की बाकीचे व्यवहारही जवळजवळ बंद होतात. या दुसऱ्या टप्प्यातील जंतूंवर आयसोनियाझिड या क्षयाच्या प्रमुख औषधाचा परिणाम होईनासा होतो, आणि मेट्रोनिडाझोल, जे जुलाबावर आपण सर्रास घेतो आणि जे हवेत वाढणाऱ्या क्षयाच्या जंतूला काहीही करत नाही, ते मात्र त्यांना मारू लागते. नळीत पुन्हा हवा सोडली की सारे जंतू जवळपास एकाच वेळी विभागायला लागतात.

म्हणूनच ‘झोप’ हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. दंगलीच्या दिवशी शटर अर्धे ओढून, दिवा मालवून, आत गल्ला मोजत बसलेल्या दुकानदाराचे चित्र अधिक जवळचे आहे. डॉसआरने जागी केलेली जनुके काय करतात, हे पाहिले की हे पटते. त्यांपैकी एचएसपीएक्स हे प्रथिन इतक्या प्रमाणात बनते की ते पेशीतील प्रमुख प्रथिनांपैकी एक ठरते. इतर प्रथिने चुरगळू नयेत म्हणून ते त्यांना आधार देते. टीजीएस१ हे दुसरे प्रथिन यजमानाकडून मिळवलेल्या मेदाम्लांपासून ट्रायग्लिसराइड बनवून त्याचे थेंब साठवते. ही झाली शिधासामग्री. मात्र पहिल्या काही तासांत उठलेल्या या जनुकांपैकी जवळपास निम्मी दिवसभरात पुन्हा खाली बसतात आणि त्यानंतर सुमारे २३० जनुकांचा एक वेगळा, संथ, टिकाऊ संच वर येतो. डॉसआर शटर ओढतो. पुढचा मुक्काम बहुतांशी इतर व्यवस्था सांभाळतात.

या इतर व्यवस्थांपैकी सिग्मा घटकांची व्यवस्था थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. जनुक वाचणारे यंत्र, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, स्वतःहून कोठे सुरुवात करायची हे जाणत नाही; सिग्मा घटक त्याला जागा दाखवतो. ई. कोलायमध्ये असे सात घटक आहेत, क्षयाच्या जंतूत तेरा. त्यांपैकी सिग-ए रोजचे घरकाम पाहतो, तर सिग-एच संकटाच्या वेळचा आहे. एरवी सिग-एचला आरएसएचए नावाचे प्रथिन धरून ठेवते. या पकडीत जस्ताचा एक अणू सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकांनी बांधलेला असतो. पेरॉक्साइडसारखे द्रव्य आत शिरले की ती गंधके ऑक्सिडीकृत होऊन एकमेकांना जोडली जातात, जस्त सुटते, पकड ढिली होते आणि मोकळा झालेला सिग-एच थेट दुरुस्तीची जनुके चालू करतो. म्हणजे ज्या रासायनिक क्रियेमुळे पेशीचे नुकसान होणार असते, तीच क्रिया घंटा वाजवते. वेगळा निरोप्या लागतच नाही.

आम्लतेकडे फॉपी-फॉआर ही जोडी लक्ष देते आणि तिच्या बाबतीत एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सॅरानॅक लेक येथील ट्रूडो सॅनेटोरियममधील एका रुग्णापासून एच३७ हा वाण वेगळा केला गेला. पुढे १९३४ च्या सुमारास त्यातून दोन उपवाण निघाले: गिनीपिगला मारणारा एच३७आरव्ही आणि न मारणारा एच३७आरए. दोघे सख्खे भाऊ असूनही असे का, हे कोडे अनेक दशके सुटले नव्हते. जनुकसंच हाती आल्यावर दिसले की, इतर काही फरकांबरोबर निरुपद्रवी भावाच्या फॉपी प्रथिनात २१९ व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन बसलेले आहे, आणि त्यामुळे ते डीएनएला नीट धरू शकत नाही. परिस्थिती वाचण्याच्या यंत्रणेतील हा एक बिघाड त्याचे रोगकारकत्व घालवण्यात मोठा भागीदार आहे.

उपासमारीचा निरोप रायबोसोमपाशी, म्हणजे पेशीच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रापाशी, मिळतो. अमिनो आम्ले वाहून आणणारा टीआरएनए हा रेणू रिकामाच येऊन रायबोसोमवर बसला की तेथील रेल नावाचे एन्झाइम पीपीजीपीपी हा छोटा रेणू बनवते आणि नवीन रायबोसोम बनवणे, म्हणजे पेशीचा सर्वात मोठा खर्च, बंद पडतो. शिवाय या जंतूच्या जनुकसंचात सुमारे ऐंशी विष-उतारा जोड्या आहेत. उतारा चटकन नष्ट होतो, विष टिकाऊ असते. ताण आला की उतारा आधी संपतो आणि मोकळे झालेले विष जंतूच्याच आरएनएचे तुकडे करून वाढ रोखते. स्वतःच्या घरात स्वतःच्याच पायात बेडी ठेवणाऱ्या या व्यवस्थेचे मला आजही नवल वाटते.

आता औषधांकडे वळतो, आणि सुरुवात एका विसंगतीने करतो. ई. कोलायमध्ये पेरॉक्साइड ओळखणारे ऑक्सीआर नावाचे प्रथिन असते. क्षयाच्या जंतूतही त्याचे जनुक आहे, पण ते जागोजागी तुटलेले, निकामी आहे. पेरॉक्साइडचा मारा सहन करावा लागणाऱ्या जंतूने नेमका हाच पहारेकरी गमवावा, हे विचित्र आहे. पेरॉक्साइड मोडण्याचे काम तो मुख्यतः कॅटजी या एन्झाइमवर भागवतो, आणि येथेच माणसाला फायदा झाला, कारण १९५२ पासून वापरात असलेले आयसोनियाझिड हे मुळात निष्क्रिय औषध आहे. जंतूचे कॅटजीच त्याला सक्रिय करते. संकटापासून वाचवणारे एन्झाइम स्वतःच्या हाताने विष तयार करते. सक्रिय झालेले औषध जंतूच्या भिंतीतील मायकॉलिक आम्लाचे उत्पादन थांबवते.

मात्र भिंत बांधण्याचे काम चालू असेल तरच ते थांबवता येते. शटर ओढून बसलेल्या जंतूचे बांधकाम मुळात बंद असते, म्हणून आयसोनियाझिड त्याच्यापर्यंत पोहोचूनही निष्फळ ठरते. पहिल्या काही दिवसांत वेगाने विभागणारे कोट्यवधी जंतू या औषधाने मरतात आणि बेडक्यातील संख्या झपाट्याने घसरते. वडिलांचा खोकला उतरला तो मुख्यतः यामुळे. उरतात ते निरनिराळ्या ताणांत निरनिराळ्या प्रमाणात मंदावलेले. ब्रिटिश संशोधक डेनिस मिचिसन यांनी १९७९ च्या सुमारास हीच गोष्ट मांडली होती: रुग्णाच्या शरीरात एक नव्हे, जंतूंच्या अनेक वस्त्या असतात आणि प्रत्येक औषध एखाद्या वस्तीवर अधिक चालते. अधूनमधून क्षणभर जागे होणाऱ्यांना रिफॅम्पिसिन गाठते. पायराझिनामाइड तर आम्ल वातावरणातच नीट काम करते. नेहमीच्या उदासीन माध्यमात ते जवळजवळ कुचकामी दिसते आणि त्याची चाचणी लावताना आम्हाला माध्यमाचा सामू मुद्दाम खाली आणावा लागतो. म्हणजे शरीराने दिलेला आम्लतेचा ताण येथे औषधाचा साथीदार होतो. सर्वसाधारण क्षयासाठी पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन व इथॅम्ब्युटॉल ही तीन, अशी जी आपल्याकडील रचना आहे, तिच्यामागे हाच हिशोब आहे. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयासाठी गेल्या काही वर्षांत आलेले बेडाक्विलिन तर एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, बनवणाऱ्या यंत्रावरच घाव घालते. गल्ला मोजण्यापुरता का होईना, आतल्याला थोडा उजेड लागतोच.

आता आपला दुसरा प्रश्न. रेझिस्टंट जंतूच्या जनुकात कायमचा बदल झालेला असतो. उदाहरणार्थ, कॅटजीत ३१५ व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनीन आले की ते आयसोनियाझिडला पुरेसे सक्रिय करत नाही, आणि हा दोष त्याच्या सर्व वंशजांत उतरतो. मंदावलेल्या जंतूच्या जनुकात असा कोणताही बदल नसतो. त्याला बाटलीत वाढवून औषधाची चाचणी लावली, तर तो सरळ ‘संवेदनशील’ असा निकाल देतो, कारण वाढायला लागताच त्याची ढाल गळून पडलेली असते. हा फरक १९४४ मध्ये डब्लिनमधील जोसेफ बिगर यांनी पेनिसिलिनमधून वाचलेल्या स्टॅफिलोकोकसच्या बाबतीत दाखवला आणि अशा जंतूंना त्यांनी ‘पर्सिस्टर’ म्हटले; मराठीत मी त्यांना ‘चिवट’ म्हणतो. चिवट आणि रेझिस्टंट ही गल्लत डॉक्टरांच्या बोलण्यातही होते आणि तिचा परिणाम वाईट होतो: रुग्णाला वाटते, औषध लागू पडत नाही तर घ्यायचे कशाला.

दोहोंचा संबंध मात्र आहे. कोर्स मध्येच सोडला की चिवट जंतू औषध नसलेल्या वातावरणात पुन्हा वाढतात आणि वाढताना चुकांना वाव मिळतो. साधारणपणे दहा लाखांत एक जंतू आयसोनियाझिडला आणि दहा कोटींत एक रिफॅम्पिसिनला आधीच रेझिस्टंट निघतो. फुप्फुसात पोकळी झालेल्या रुग्णात जंतूंची संख्या या आकड्यांच्या पुढे सहज जाते. अर्धवट आणि अनियमित औषधे या मोजक्या अपवादांना निवडून पुढे आणतात. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात असा निवडलेला जंतू शेजाऱ्याला लागायला फार वेळ लागत नाही, आणि मग शेजाऱ्याला पहिल्या दिवसापासूनच रेझिस्टंट क्षय असतो.

दोन महिन्यांनी बेडक्यात जंतू दिसले नाहीत, याचा अर्थही नेमका समजून घ्यावा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एका मिलीलीटर बेडक्यात साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. त्याखालची संख्या काचपट्टीवर सापडत नाही. शिवाय आम्ही जो गुलाबी-लाल रंग शोधतो, तो जंतूच्या मेणचट भिंतीने धरून ठेवलेला असतो. ऑक्सिजनची टंचाई, आम्लता आणि उपासमार एकत्र लादलेल्या प्रयोगांत काही जंतूंनी हा रंग धरण्याचा गुणच गमावला आणि त्याच वेळी त्यांच्या पोटात मेदाचे थेंब दिसले. इंग्लंडमधील लेस्टरच्या गटाने २००८ मध्ये रुग्णांच्या बेडक्यातील जंतू तपासले, तेव्हा त्यांतही मेदाचे थेंब आणि जागी झालेली डॉसआरची जनुके सापडली. २०१० मध्ये त्याच गटाने दाखवले की, बेडक्यातील पुष्कळसे जंतू साध्या माध्यमात उगवतच नाहीत. आरपीएफ नावाची उठवणारी प्रथिने घातली तरच ते वाढतात. म्हणजे आपल्या वडिलांनी पहिल्या दिवशी डबीत दिलेल्या बेडक्यातही शटर ओढलेले जंतू होतेच. औषधाने त्यांना तसे बनवले असे नाही. ते आधीपासून तसे होते.

आपण कदाचित असेही विचाराल की, अधिक जोरकस औषधे देऊन मुदत कमी का करत नाहीत. तो प्रयत्न झाला. नेहमीच्या संचातील एका औषधाऐवजी मॉक्सिफ्लॉक्सासिन घालून चार महिन्यांत उपचार संपवण्याच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१४ मध्ये आला. बेडके लवकर स्वच्छ झाले, पण औषध थांबवल्यावर रोग उलटण्याचे प्रमाण सहा महिन्यांच्या उपचारापेक्षा जास्त निघाले. त्या निकालानंतर बेडक्यावर पूर्ण विसंबायचे मी तरी सोडून दिले. २०२१ मध्ये रिफापेन्टीन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्ही असलेला चार महिन्यांचा संच मात्र सहा महिन्यांच्या तोडीस तोड ठरला. परंतु आपल्या वडिलांना जी औषधे चालू आहेत त्यांना तो निकाल लागू होत नाही, आणि ती चार महिन्यांवर थांबवण्याचा आधार म्हणून त्याकडे पाहू नये.

व्यवहारात एवढे करावे. गोळ्या रोज, ठरल्या वेळी द्याव्यात. चुकलेल्या दिवसांची नोंद ठेवून ती डॉक्टरांना सांगावी, लपवू नये. उपचाराच्या शेवटी बेडका पुन्हा तपासून घ्यावा. रोग उलटलाच तर तो बहुधा औषध संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षभरात उलटतो, म्हणून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात कोर्स संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणीसाठी बोलावतात. त्या चार तारखा आजच घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात, आणि मधल्या काळात दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट जाणवल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता बेडका घेऊन जावा. तो देताना सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला असावा; डबीत नुसती थुंकी आली तर त्या नमुन्यावरून आम्हाला खात्रीने काहीच सांगता येत नाही.